दुसरी साक्ष

सर्व्हर बर्फाच्या कारखान्यात ठेवायची कल्पना दिगंबरची, आणि तिचं कौतुक तो बायकोकडून वर्षानुवर्षं वसूल करत राहिला. मुरखोल बंदरात बारमाही थंड अशी तेवढी एकच जागा, तिथली वीज सहसा जात नसे, आणि कारखान्याचे मालक काशिनाथ पावसे म्हणजे दिगंबरचे वडील. बर्फ फोडायच्या यंत्रामागे एक पत्र्याचं कपाट होतं, त्यात संगणक होता, आणि ‘खाडीवाट’ नावाचा अख्खा विकी त्या कपाटात राहत होता.

खाडीवाट सुरू केला तो दिगंबरच्या बायकोने, रसिकाने. पुण्याची संगणकाची पदवी घेऊन ती लग्न होऊन मुरखोलला आली तेव्हा बंदरातल्या बायकांनी ‘ही काय मासळी निवडणार’ म्हणून नाकं मुरडली होती. मासळी तिला खरोखरच निवडता आली नाही. पण बंदराचं दुखणं तिला लवकर कळलं. समुद्र तापल्यापासून वादळं वाढली होती, आणि प्रत्येक वादळ खाडीच्या तोंडाशी असलेला वाळूचा दांडा हलवून जायचं. काल जिथून बोट आत आली तिथे आज गुडघाभर पाणी. सरकारी नकाशे छापून येईपर्यंत खोटे ठरत. म्हणून रसिकाने विकी काढला. प्रत्येक खाडीचं एक पान, त्या पानावर आजची वाट. ज्याने पाणी मोजलं त्याने लिहायचं, ज्याला आत यायचंय त्याने वाचायचं.

मुरखोलचं पान हसनचाचा आणि शांताराम खोपटकर लिहायचे. दोघंही बोटीवरून निवृत्त झालेले, दोघंही एकमेकांना मूर्ख समजणारे. लहान होडी घेऊन ते खाडीच्या तोंडाशी जात, दोरीला बांधलेलं शिसं टाकून पाण्याचा ठाव घेत आणि परतल्यावर आपापल्या नावाने वेगवेगळं लिहीत. "एकट्यानं मोजलेलं पाणी मी मानत नाय," असं हसनचाचा म्हणत. शांताराम म्हणे, की म्हातारा माझ्यावर विश्वास ठेवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बोटीवरचे लोक मात्र नाव घालून पान कधी उघडत नसत. मासळी कुठे लागली हे बोटीचा तांडेल सख्ख्या भावालाही सांगत नाही. नाव घातलं की कोण कुठून वाचतंय हे यंत्राला कळणार, आणि यंत्राला कळलं की उद्या दुसऱ्या बोटीला कळणार, अशी सगळ्यांची खात्री होती. रसिकाने कितीदा तरी समजावलं. दिगंबर मच्छीमार सोसायटीच्या सभेत तिच्या बाजूने बोलायचा आणि बोटीवर गेला की स्वतःही बिननावाचंच पान उघडायचा. थोडक्यात, खाडीवाट जमिनीवरचे लोक नावाने वाचत आणि समुद्रावरचे बिननावाने. यात काही बिघडलं होतं असं कुणालाच वाटलं नाही.

हळूहळू शेजारची बंदरं आली, मग तालुका, मग पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा. विकी वाढला आणि कपाटातला संगणक दमला. एरवी चालायचं. पण वारा सुटला की सगळ्या किनाऱ्यावरच्या बोटी एकाच वेळी घराकडे वळत, सगळ्या एकाच वेळी पान मागत, आणि नेमका तेव्हाच सर्व्हर मान टाकायचा. एका वादळात पान न उघडल्यामुळे पलीकडच्या बंदरातली एक बोट अंदाजाने आत शिरली आणि दांड्यावर फुटली. त्या बोटीवरचं कुणीच परतलं नाही. रसिका चार दिवस नीट जेवली नाही.

"काय गो, तुझ्या मशिनीनं बुडवली काय बोट?" दिगंबरने शेवटी तिला टोकलं. तो ओट्यावर बसून जाळं सांधत होता. "रडतंस कशाला? मोठी मशीन घे."

"नुसत्या मोठ्या मशीनने भागत नाही. मुंबईत मोठा सर्व्हर भाड्याने घेतला तरी वाऱ्यात तोही दमणार. कॅश लागेल."

"रोकड?"

"रोकड नव्हे रे. असं बघ, टपरीवर प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा चहा टाकायचा तर रांग लागते. म्हणून किटली भरून ठेवतात आणि त्यातून ओततात. तसं पानाची एक प्रत तयार ठेवायची, समुद्रातल्या फोनच्या तरंगत्या मनोऱ्यांवरच ठेवायची, आणि मागेल त्याला तिथूनच द्यायची. आपल्या सर्व्हरपर्यंत कुणाला यावंच लागणार नाही."

"आन् किटलीतला चहा गार झाला तर?"

दिगंबर दहावी नापास होता, पण नेमकं बोट ठेवायचा. साठवलेली प्रत शिळी होते, ही या धंद्यातली जुनी डोकेदुखी. बातमी दहा मिनिटं शिळी झाली तर कुणी मरत नाही. खाडीच्या वाटेचं तसं नव्हतं.

याच सुमारास ‘अनागत’ नावाच्या कंपनीची केतकी सबनीस मुरखोलला आली. कारखान्यातल्या मासळीच्या वासाने तिने नाकाला रुमाल लावला, पण बोलली ती नीट आणि समजेल असं. त्यांच्या यंत्राचं नाव पूर्वछाया. ते पानाची प्रत साठवत नसे. पान कसं बदलतं, हे ते शिकत असे.

"तुमच्या एका खाडीच्या पानावर आजवर हजारो दुरुस्त्या झाल्यात," केतकी म्हणाली. "तुम्हाला त्या दुरुस्त्या दिसतात. आमच्या यंत्राला त्यात वाळू दिसते. चंद्र, भरती, वारा, नदीचं पाणी, यांच्याबरोबर वाळू कशी सरकते ते त्या दुरुस्त्यांमध्येच आहे. यंत्र ते एकदा शिकलं, की आत्ता या घटकेला पान कसं असायला हवं ते स्वतः मांडतं. मनोऱ्यावरची छोटी पेटी तेवढं करू शकते. म्हणजे प्रत शिळी होण्याचा प्रश्नच नाही. वाचणाऱ्याला नेहमी आत्ताचं पान मिळतं."

"आणि आमचे लोक लिहितात त्याचं काय?"

"ते तर हवंच. त्यावरच यंत्र स्वतःला सुधारतं. नाव घालून येणाऱ्या संपादकांना थेट तुमच्या सर्व्हरवरचं खरं पान दिसेल. बिननावाने येणाऱ्यांना पूर्वछायेचं."

रसिकाने एक अट घातली. मागे एकदा दुसऱ्या बंदराच्या कुणीतरी भांडणाच्या रागात मुरखोलच्या पानावर खोटी वाट लिहिली होती आणि एक बोट रुतली होती. तेव्हा यंत्राच्या अंदाजापेक्षा फारच वेगळं कुणी लिहिलं, तर दुसऱ्याची साक्ष मिळेपर्यंत ते बोटींना दाखवायचं नाही. मुरखोलचे मोजणारे जोडीनेच जातात आणि दोघंही लिहितात, तेव्हा साक्ष लगेच मिळेल. केतकीने मान डोलावली. तशी सोय यंत्रात होतीच. थांबवलेल्या दुरुस्तीपुढे संपादकाला एक राखाडी ठिपका दिसेल, दुसरी साक्ष आली की तो जाईल.

त्या हंगामात रसिकाने यंत्र पारखून घेतलं. हसनचाचा आणि शांताराम मोजून यायचे, आणि पूर्वछायेचं पान त्यांच्या आधीच तेच सांगत असायचं. वीतभराचासुद्धा फरक नाही. दोन वादळं आली, सगळा किनारा एकदम पानावर तुटून पडला आणि पान पापणी लवायच्या आत उघडत राहिलं. बायकांनी रसिकाच्या घरी पापलेटं आणून दिली. नाकं मुरडणाऱ्या त्याच बायका. दिगंबर तर असा फुगला, जणू यंत्र त्यानेच गळाला लावून आणलंय.

कंटाळला तो शांताराम.

"जाऊन येतो तर पान आधीच लिहून तयार," तो म्हणाला. "यंत्र बरोबर असंल तर मी कशाला, आन् चुकीचं असंल तर मला कोण इचारतो?" पर्यटकांची सहा आसनी रिक्षा चालवायला तो दापोलीला निघून गेला. इतर बंदरांतही तेच चाललं होतं. लोक घरी बसून पान बघत आणि ‘बरोबर’ या बटणावर बोट ठेवत. यंत्राला आपलंच म्हणणं माणसांच्या नावाने परत मिळत राहिलं, आणि त्याचा आत्मविश्वास वाढत गेला.

हसनचाचा एकटे जात राहिले. रसिका त्यांना म्हणाली, "चाचा, दुसरा कुणीतरी जोडीला घ्या."

"कोण येतंय बाय? त्या शांतारामशी भांडायला तरी मजा यायची." ते हसले. "मी आपला जातंय. घरात बसून करू काय?"

रसिकाच्या मनात आलं, की सोसायटीत विषय काढायला हवा. पण गावोगावची नवी पानं, नव्या बंदरांचे फोन, विकीची वाढ. राहून गेलं.

दिवाळी झाल्यावर, पाऊस कधीच सरलेला असताना, डोंगरात ढगफुटी झाली आणि वरच्या धरणाचे दरवाजे उघडावे लागले. त्याच दिवशी बाहेरून वादळ आलं. नदीचा लोंढा आणि समुद्राचं उधाण खाडीच्या तोंडाशी समोरासमोर भिडले. यंत्राने शिकलेल्या सगळ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पावसाळ्यात लोंढे येत, पण तेव्हा मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर आणि पानावर दुरुस्त्या नाहीत. कार्तिकात नदी कोरडी असते, एवढंच यंत्राला ठाऊक होतं.

दुपारी हसनचाचा होडी घेऊन तोंडाशी गेले. कसे गेले आणि कसे परतले हे त्यांचं त्यांनाच माहीत. ओल्या अंगाने कारखान्यात येऊन त्यांनी रसिकासमोर फोनवर लिहिलं: उत्तरेची वाट पूर्ण बुजली. दांडा आडवा पडलाय. दक्षिणेच्या खडकाला धरून या.

रसिकाने स्वतःचा पडदा पाहिला. पान बदललेलं होतं. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. मुरखोलच्या बारा बोटी त्या वेळी घराकडे वळल्या होत्या. सगळ्यांत पुढे ‘दर्यादौलत’, तांडेल दिगंबर. तिच्या मागेच त्याच्या धाकट्या भावाची, प्रमोदची बोट.

दिगंबरचा फोन लागत नव्हता. बऱ्याच वेळाने लागला तेव्हा वाऱ्याचाच आवाज जास्त येत होता.

"पान बघितलंस?" रसिका ओरडली.

"बघूनच येतंय!"

"हसनचाचांनी आत्ताच मोजलंय! पानावर लिहिलंय तसाच ये!"

"उघडंच हाय गो समोर. आत्ताचंच हाय, वर लिवलंय तसं. तू घाबरू नको, मी..."

फोन तुटला. उत्तरेने की दक्षिणेने, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही. समुद्रावर कुणाच्या कानावर जाईल अशी वाट बोलून दाखवायची नाही, ही दिगंबरची लहानपणापासूनची सवय, आणि रसिकाला तर विचारायचं कारणच नव्हतं. पान तिच्यासमोर होतं. पान त्याच्याहीसमोर होतं.

धक्क्यावर माणसं गोळा झाली. लाटांच्या पलीकडे बोट दिसली तेव्हा हसनचाचांनी डोळ्यांवर हात धरला. "बाय," ते म्हणाले, "हा उत्तरेनं का येतंय?"

रसिकाने पुन्हा पडदा पाहिला. दक्षिणेच्या खडकाला धरून या. आणि त्या ओळीपुढे, एवढासा, राखाडी ठिपका. किनाऱ्यावरच्या कुठल्या ना कुठल्या पानावर तो रोज असायचा; तिला तो इतका सवयीचा झाला होता, की मघाशी दिसलाच नव्हता. तिने नाव काढून टाकलं आणि बोटींना दिसतं तसं बिननावाचं पान उघडलं. उत्तरेची वाट मोकळी. अडीच वाव खोल पाणी. ताजं, आत्ताचं.

ती धक्क्याच्या टोकाकडे धावत सुटली, हात हलवत, ओरडत. एवढ्या लांबून काय ऐकू जाणार? ‘दर्यादौलत’ पूर्ण वेगात दांड्यावर चढली, थांबली, आणि पुढच्या लाटेने आडवी झाली.

मागच्या अकरा बोटी वळल्या आणि दक्षिणेच्या खडकाला धरून एकामागून एक आत आल्या. ‘दर्यादौलत’वरचे दोन खलाशी पोहत किनाऱ्याला लागले. दिगंबर शेजारच्या खाडीच्या पुळणीवर सापडला. त्याला आणला तेव्हा रसिका रडली नाही. ती रडली ते घरी आल्यावर, ओट्यावर अर्धवट सांधलेलं जाळं बघून, आणि मग तिला कुणालाच आवरता आलं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर केतकी सबनीसचा फोन आला. तिच्या आवाजात खरंखुरं वाईट वाटणं होतं, हे रसिकाला मान्य करावं लागलं.

"आम्ही सगळं तपासलं, रसिकाताई. यंत्राने दुरुस्ती दाबून ठेवली, असं तुमच्याकडे बोललं जातंय. पण तसं झालं नाही. दुसरी साक्ष मिळताक्षणी ती प्रसिद्ध झाली. त्यामुळेच तर मागच्या अकरा नौका वाचल्या."

"दुसरी साक्ष?" रसिका म्हणाली. "हसनचाचा एकटे होते. दुसरं कुणी लिहिलंच नाही."

केतकी सावकाश सांगू लागली.

"साक्ष लिहिलेलीच असावी लागते असं नाही. तटरक्षक दलासाठी प्रत्येक नौकेवर ठावठिकाणा कळवणारं यंत्र असतं ना? त्या खुणाही आमच्याकडे येतात, निनावी. त्या दिवशी उत्तरेच्या वाटेवर एक नौका वेगात येत होती आणि ती..." केतकी अडखळली. "ती एकाएकी थांबली. यंत्राने ते पुरावा म्हणून धरलं."

रसिकाने फोन हळूच खाली ठेवला. केतकी पलीकडून बोलतच होती.

सोसायटीची सभा मच्छीमारांच्या सभागृहात भरली. अध्यक्षांच्या खुर्चीत काशिनाथ पावसे. रसिका उभी राहिली आणि तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. यंत्र काय करतं, ठिपका कशाचा, साक्ष कोणाची. शेवटी म्हणाली, "पूर्वछाया बंद करायची परवानगी द्या. किल्ली माझ्याकडे आहे, पण गावाला न विचारता मी फिरवणार नाही."

मागून एक बाई उठली. तिचा नवरा त्या अकरांतला. "रसिका, माझं चुकत असंल तर सांग. बंद केलंस तर वाऱ्यात पान उघडंल काय?"

खोटं बोलायचा मोह रसिकाला त्या क्षणी झाला. "नाही," ती म्हणाली. "जोराच्या वाऱ्यात नाही उघडणार. पहिल्यासारखं होईल."

"मग एकाच्याच साक्षीवर सोड ना," कुणीतरी म्हणालं. "हसनचाचानं लिवलं की झालं."

"आणि उद्या रागाने कुणी खोटं लिहिलं तर? बोट रुतली होती ती विसरलात?" रसिका म्हणाली.

काशिनाथ खाकरले. "यंत्र ठेवायचं म्हननाऱ्यांनी हात वर करा," ते म्हणाले, आणि सगळ्यांत आधी स्वतःचाच हात त्यांनी वर केला.

रसिकाला वाटलं, आपण चुकीचं बघतोय. "बाबा?"

"एक पोर त्या पानानं गेलं," काशिनाथ म्हणाले. हात तसाच वर होता. "दुसरं त्याच पानानं घरी आलं. मी कुठला हात खाली ठेवू, तूच सांग."

एकेक करत सभागृहभर हात वर गेले. बायकांचे, तांडेलांचे, खलाशांचे. हसनचाचांनी डोळे मिटून घेतले होते, पण त्यांचाही हात वर होता.

"विरोधात?"

एकच हात. प्रमोदचा. तो दाराशी उभा होता. भाऊ गेल्यापासून तो कुणाशी धड बोलला नव्हता. भावाची बोट आडवी होताना त्याने पाहिली होती, आणि त्याच क्षणी त्याच्या हातातलं पान बदललं होतं. त्याने पानाकडे बघून सुकाणू फिरवलं होतं, भावाकडे बघून नाही. दांड्यापाशी थांबला असता तर त्याचीही बोट गेली असती, हे सगळं गाव त्याला सांगत होतं. त्याचा काही उपयोग होत नव्हता.

रसिकाने अजून कुठल्याच बाजूला हात उचलला नव्हता. ती यंत्र बंद करायला आली होती. दिगंबरसाठी आली होती. पण आता दिगंबर नव्हता आणि प्रमोद होता, उद्या दर्यात जाणारा, आणि वारा सुटल्यावर बर्फाच्या कारखान्यातलं ते कपाट काय करतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिला स्वतःचा, सासऱ्यांचा, त्या केतकीचा, सगळ्यांचा संताप आला. तिने यंत्राच्या बाजूने हात वर केला.

"पण एक सांगते," ती म्हणाली. "साक्ष दोघांचीच राहील. आणि दुसरी साक्ष माणसाची असेल, बोट फुटल्याची नाही. वारा सुटला की हसनचाचांबरोबर होडीत आणखी एकाने जायचं, तोंडाशी जाऊन मोजायचं आणि आपल्या नावाने लिहायचं. बाकीच्या बोटी बाहेर थांबतील. पाळी लावू. आपल्यापैकी प्रत्येकाची."

वाऱ्यात लहान होडीने खाडीच्या तोंडाशी जायचं म्हणजे काय, हे सभागृहातल्या प्रत्येकाला समजत होतं. वर गेलेले हात एकेक करून खाली आले. कुणी चपला शोधू लागलं, कुणी शेजाऱ्याशी कुजबुजू लागलं. काशिनाथ टेबलाकडे बघत राहिले.

"पहिली पाळी कुणाची?" रसिकाने विचारलं.

कुणीच वर बघितलं नाही. हवामान खात्याने परवाचा वारा सांगितला होता.

प्रमोद दारापासून सगळ्यांच्या मधून चालत पुढे आला आणि रसिकाच्या समोर, बापाच्या टेबलाला पाठ करून उभा राहिला.

"माझी," तो म्हणाला. "लिव वैनी."

काशिनाथ खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले. रसिकाने प्रमोदच्या तोंडाकडे पाहिलं, तो माघार घेईल म्हणून वाट पाहिली. तो तसाच उभा राहिला. मग तिने खाडीवाटवर पाळीचं नवं पान उघडलं, पहिल्या ओळीत त्याचं नाव लिहिलं आणि जतन केलं.